बोडी साफ करताना



रात्रीच्या वर्गातल्या मंडळींनी मला सांगितले, "गुरुजी, वैशाख जवळ आला. बोड्या उपसायच्या आहेत. त्याच्यावर दोन शब्द बोला." मी हो म्हटले. हो म्हणताना मनात जरा चरकलो. कारण बोडी साफ करण्यात सगळ्या गावात मोठी चूक कोणी केली असेल, तर ती मी केली. ती चूकच आज सांगतो. तुमचे त्यात काही बुडणार नाही, वाचेलच.

बोडी म्हणजे काय, हे तुम्हांला सांगायला नको. पण ही पुस्तिका दूरच्या गावीही वाचली जाईल, म्हणून सांगतो. आपला हा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीचा मुलूख धानाचा. धानाला पाणी लागते. म्हणून आपल्या वाडवडिलांनी उताराला मातीची पाळ घालून पाणी अडवले. मोठे असेल तर तलाव, शेताजवळचे लहान असेल तर बोडी. मोठे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते. 1951 साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. म्हणून त्यांना आता माजी मालगुजारी तलाव म्हणतात, थोडक्यात 'मामा तलाव'. लहान बोड्या मात्र पुष्कळशा ज्याच्या त्याच्याच राहिल्या. माझीही तशीच. घराच्या मागे, अर्ध्या एकराची. आजोबांच्या हातची.

पाऊस दडी मारतो तेव्हा बोडीचे पाणी बांध्यांना सोडावे, धान वाचवावे, एवढाच तिचा उपयोग, असे मी समजत होतो. शाळेत शिकवत होतो, चार पुस्तके वाचली होती, तरी तसेच समजत होतो.

2012 सालची गोष्ट. बोडीत गाळ साचला होता. कडेला लव्हाळा माजला होता. मधे पोयणी आणि कमळ. एका कोपऱ्यात बेशरम. पाणी कमी, हिरवळच जास्त दिसे. पाहुणे यायचे नि म्हणायचे, "गुरुजी, तुमच्या घरामागे हे काय जंगल?" मला लाज वाटे. मी ठरवले, एकदाच काय ती साफ करून टाकू. माती काढायचे यंत्र भाड्याने आणले. यंत्रवाला म्हणाला, "किती खोल काढू?" मी म्हटले, "निघेल तेवढं काढ. भाडं तर द्यायचंच आहे."

दोन दिवसांत बोडी चकचकीत झाली. एक काडी गवताची ठेवली नाही. कडा भिंतीसारख्या सरळ कापल्या. तळाशी पिवळा मुरूम दिसू लागला. मी पाळीवर उभा राहिलो आणि मला फार बरे वाटले. खरेच सांगतो, घर सारवून झाल्यावर बाईमाणसाला वाटते ना, तसे वाटले.

त्या गाळात दोन कासवे कापली गेली होती. उन्हाळ्यात पाणी आटले की हे कासव चिखलात खोल जाऊन बसते आणि पावसाची वाट पाहते. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पोरांनी ती कासवे दाखवली. मी म्हटले, "असू दे, पुरून टाका."

आपल्या गावच्या ढिवर मोहल्ल्यातली एक म्हातारी मावशी तिकडून चालली होती. तिचा सगळा जन्म पाण्यात गेला. ती थांबली. बराच वेळ बोडीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "गुरुजी, हे काय केलंत जी?"

मी म्हटले, "का हो मावशी? साफ केली."

"साफ नाई केली बाप्पा. तिचं पोट फाडलंत. आता पाणी राहणार नाई, आन् राहिलं तर त्यात डासच होतील."

मला राग आला. पण वयाने मोठी बाई, मी काही बोललो नाही.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. बोडी भरली. आरशासारखे पाणी! दिवाळी आली तसे पाणी झपाट्याने उतरू लागले. दरवर्षी माघापर्यंत टिकणारे पाणी कार्तिकातच घोट्याएवढे उरले. हलक्या धानाला पुरले, भारी धानाची शेवटची पाळी चुकली. दाणे पोचट राहिले. आणि मधल्या काळात, भाद्रपद-आश्विनात, डास इतके झाले की संध्याकाळी दिवा लावून बसता येईना. माझ्या पाच वर्षांच्या नातीला हिवताप झाला. डोक्यात चढणारा हिवताप. अकरा दिवस ती तालुक्याच्या गावी खाटेवर होती. पोरगी वाचली. पण त्या अकरा दिवसांत मी खाटेजवळ बसून मावशीचे बोलणे कितीदा आठवले, ते माझे मला माहीत.

तिथून आल्यावर मी आधी मावशीच्या घरी गेलो. म्हटले, "मावशी, तुम्ही सांगत होता ते आता मला नीट सांगा." पुढे जे सांगतो ते निम्मे तिचे आहे. निम्मे मी नंतर वाचून, विचारून मिळवले.

आधी डासांचे सांगतो, कारण त्याचीच सगळ्यांना भीती असते. पुष्कळ लोक म्हणतात, गवत असले म्हणजे डास होतात, म्हणून गवत काढा. हे अर्धेच खरे आहे. डास पाण्यात अंडी घालतो. उबदार दिवसांत अंड्याची अळी, अळीचा कोष आणि कोषाचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आता त्या अळीला खाणारे कोण? बारीक मासळी. पाण्यातले किडे. आणि चतुर. पावसाळ्यात शेतावर भिरभिरतात, पोरे ज्यांच्या शेपटीला दोरा बांधतात, तेच चतुर. उडणारा चतुर आपण पाहतो, पण त्याचे पिल्लू पाण्यात राहते. रंगाने मातकट, सहा पायांचे, दिसायला कुरूप. गवताच्या देठाला धरून दबा धरून बसते आणि डासाची अळी जवळ आली की झडप घालते. पण त्याला मोठे व्हायला डासापेक्षा पुष्कळ जास्त दिवस लागतात. पुष्कळदा काही महिने.

म्हणजे हिशेब बघा. मी बोडी खरवडली तेव्हा हे सगळे खाणारे मेले. नवे पाणी आले. पहिल्यांदा कोण आले? डास. त्याला आठ दिवस पुरतात. खाणारे यायला महिने लागतात, आणि आले तरी बसायला देठ नाही, लपायला पान नाही. मधल्या वेळात माझ्या नातीला ताप आला.

अळी ओळखायचीही एक खूण सांगतो. पांढऱ्या ताटलीत बोडीचे पाणी घ्या आणि उजेडात धरा. हिवतापाच्या डासाची अळी पाण्याच्या वरच्या थराला लागून आडवी पडलेली असते. इतर डासांची अळी डोके खाली करून तिरपी लटकते. आडव्या अळ्या दिसल्या तर आरोग्यसेवकाला लगेच सांगा. तो गप्पी मासे देईल. ते गप्पी घरच्या टाक्यात, हौदात सोडायला ठीक. पण बोडीत सोडू नका, असे माझे मत आहे. ते परमुलखातले मासे. एकदा बोडीत शिरले की निघत नाहीत, आणि आपल्या माशांची अंडी-पिल्ली सोडत नाहीत. बोडीसाठी आपल्याच तलावातली बारीक मासळी पुरे होते. परदेशी मांगूर तर मुळीच नको. त्याला पाळायला आपल्या देशात बंदीच आहे. तो सगळ्यांना खाऊन टाकतो.

आता पाणी का टिकले नाही ते सांगतो. बोडीत वरचा गाळ काळा, मऊ, वास येणारा असतो. त्याच्याखाली घट्ट चिकण मातीचा थर असतो. वर्षानुवर्षे बारीक माती बसून बसून तो तयार होतो. त्याच्याखाली मुरूम. चिकण मातीचा थर म्हणजे मडक्याचा तळ. मी मडक्याचा तळच काढून टाकला होता! म्हणून गाळ काढताना आधी चार-पाच जागी कुदळीने खोदून बघावे. काळे संपून घट्ट, राखाडी लागले की थांबावे. यंत्र आणले तर स्वतः जवळ उभे राहावे. यंत्रवाल्याला तासाचे पैसे मिळतात, त्याला आपल्या तळाची काळजी कशाला?

गाळ उपसायचा तो चैत्र-वैशाखात, पाणी अगदी खाली गेल्यावर. सगळी बोडी एका वर्षी उपसू नये. तीन भाग करावे. यंदा एक भाग, पुढच्या वर्षी दुसरा, त्यापुढे तिसरा. म्हणजे जीव या भागातून त्या भागात जाऊन वाचतात. सर्वांत खोल जागा, जिथे थोडे पाणी राहते, ती हाताने काढावी, फावडे हळू टाकावे. कासव निघाले तर ओल्या पोत्यात ठेवून सावलीत न्यावे आणि दुसऱ्या भागातल्या चिखलात सोडावे. कासव पकडणे, विकणे, खाणे हा 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हेही ध्यानात असू द्या.

निघालेला गाळ पाळीवर ढीग करून ठेवू नका. पहिल्याच पावसात तो परत आत येतो. शेतात न्या. ते उत्तम खत आहे. 2017 पासून सरकारने धरण-तलावातला गाळ शेतात नेण्याची योजना काढली, ती उगाच नव्हे. बरडीच्या बांधीत चार बोटे गाळ पसरला तर फरक डोळ्यांनी दिसतो.

कडा उतरत्या ठेवाव्या. निदान एक बाजू तरी अशी असावी की बगळा चालत पाण्यात शिरेल आणि पाण्यात पडलेले वासरू चालत बाहेर येईल. माझ्या सरळ कडांमुळे शेजाऱ्याची शेळी बुडाली होती. तिचे पैसे मी भरून दिले. लहान पोराचे काय झाले असते, तो विचार करवत नाही. उथळ काठावरच बेडूक अंडी घालतात, आणि बेडूक धानावरचे किडे खातो. एके काळी आपल्या देशातून बेडकांच्या तंगड्या परदेशी विकल्या जात. 1987 साली सरकारने ते बंद केले. आणि आपण मात्र कडा कापून त्यांना घरातूनच हाकलतो!

आता गवताचे. यात मावशीचे ज्ञान माझ्यापेक्षा फार मोठे. ती म्हणते, पाण्यातले सगळे गवत एका जातीचे नसते. काही घरचे, काही चोर.

कमळ, पोयणी, शिंगाडा, लव्हाळा, देवधान, पाण्याखालचे बारीक गवत, हे घरचे. यांच्यात मासे अंडी घालतात. कमळपक्षी तरंगत्या पानांवर घरटे करतो, पाणकोंबडी लव्हाळ्यात. पण घरचे असले तरी माजू द्यायचे नाही. निम्मे पाणी उघडे दिसले पाहिजे. कार्तिक-मार्गशीर्षात, पिल्ले मोठी होऊन गेल्यावर, विळ्याने एक तृतीयांश कापावे. ज्येष्ठापासून भाद्रपदापर्यंत हात लावू नये. तो सगळ्यांच्या बाळंतपणाचा काळ. कापलेले गवत लगेच दूर नेऊ नका. एक-दोन दिवस पाण्याच्या अगदी कडेला ठेवा. त्यात अडकलेले किडे, शंख-गोगलगाय, मासळीची पिल्ले सरपटत परत पाण्यात जातात. मग उचलून खतखड्ड्यात टाका. तिथेच कुजू दिले तर त्याचा रस बोडीत उतरतो आणि पाणी हिरवे होते.

चोर दोन. जलपर्णी आणि बेशरम. दोन्ही अमेरिका खंडाकडून आलेल्या. जलपर्णीचे निळे-जांभळे फूल दिसायला गोड, पण ती साऱ्या पाण्यावर चादर घालते. खाली उजेड जात नाही, मासळी गुदमरते. ती एकही शिल्लक ठेवू नका. मुळासकट ओढा, मुळे पाण्यात झटका म्हणजे जीव सुटतील, आणि दूर उन्हात वाळवा. तिचे बी चिखलात वर्षानुवर्षे जिवंत राहते. म्हणून एकदा काढून भागत नाही, दर महिन्याला फेरी मारावी लागते. बेशरमेचे तर नावच बेशरम. तुकडा पडला तरी फुटतो. बुडापासून खणून काढा, पूर्ण वाळवून जाळा. शेळ्यांना ती खाऊ देऊ नका, विषारी आहे. आपल्याकडच्या काही गावांत ढिवर बायकांनी गट करून तलावातली बेशरम उपटली आणि घरच्या वनस्पती पुन्हा लावल्या. मासळी वाढली, पक्षीही आले. पुरुषमंडळी पाळीवर बसून बिडी ओढत होती की नाही, ते मला माहीत नाही.

बोडीत बाहेरून काय येते, तेही पाहावे. पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून हवा खाताना दिसले, तर समजा पाण्यातला प्राणवायू संपत आला. दिवसा उन्हात पाण्यातली हिरवळ प्राणवायू सोडते. रात्री तीच तो ओढून घेते. हिरवळ प्रमाणाबाहेर वाढली की पहाटेपर्यंत माशांना काही उरत नाही. हिरवळ का वाढते? युरियाची, डीएपीची पोती आपण बोडीत धुतो. कपड्याचा साबण, म्हशींचे शेण, देवाचे निर्माल्य, सगळे तिथेच. जे खत धानाला पोसते, तेच शेवाळाला पोसते. पोती बांधीत धुवा. कपडे धुवायला पाळीच्या खालच्या अंगाला दगड टाका. म्हशींना एकच उतार ठेवा, सगळीकडून घुसू देऊ नका.

आणि फवारणीचा पंप! तो बोडीत धुणारा माणूस मला दिसला तर मी अजूनही ओरडतो. किड्याचे औषध ते. पाण्यात गेले की चतुराची पिल्ले, मासळी सगळी मारते. दोन आठवड्यांनी डास परत येतात, चतुर काही येत नाहीत.

पाळीचे थोडक्यात सांगतो. पावसाळ्याआधी पाळीवरून एकदा चालत जा. घुशीची, खेकड्याची बिळे दिसली तर चिकण माती ठासून बुजवा. सांडवा मोकळा ठेवा. पाळीवर दूर्वा, गवत असावे, मोठी झाडे नसावी. झाड मेले की मूळ कुजते आणि तिथून पाणी वाट काढते.

पाण्यात एकट्याने उतरू नये. पायाला जखम असेल तर उतरू नये. गवतात दिवड निघेल. ती विषारी नाही, तिला मारू नका. पण दुसराही साप असू शकतो, म्हणून आधी काठीने आपटून मग हात घाला.

आता माझ्या बोडीचे काय झाले, ते ऐकायचे असेल. मावशीने सांगितले तसे केले. दुसऱ्या उन्हाळ्यात चिकण माती आणून तळाला पसरली. पहिल्या पावसात त्यावर चिखल करून बैल फिरवले. रोवणीच्या आधी बांधीत करतो, अगदी तस्से. बांधीत पाणी ज्यामुळे ठरते, त्यामुळेच बोडीत ठरणार, हे मला मास्तर असून सुचले नव्हते. सरळ कडा फोडून उतार केला. मग मावशी म्हणाली, "आता जुन्या तलावातला चिखल आना, दोन टोपल्या." त्या चिखलात पोयणीचे कंद होते, बी होते, आणि डोळ्यांना न दिसणारे काय काय होते. टोपल्या बोडीत ओतल्या. मी विचारले, "मासळी कधी सोडायची?" ती म्हणाली, "आधी घर होऊ द्या. मंग पावने."

पहिल्या वर्षी पाणी पौषापर्यंत टिकले. दुसऱ्या वर्षी पोयणी फुलली आणि टाचण्या, चतुर दिसू लागले. तिसऱ्या वर्षी एका सकाळी नात धावत आली, "आबा, चिमणीएवढं काळं पिल्लू पानावर चालतंय!" पाणकोंबडीचे पिल्लू होते. डास अगदी गेले असे मी म्हणणार नाही. मच्छरदाणी आम्ही आजही लावतो, तुम्हीही लावा. पण संध्याकाळी दिवा लावून बसता येते.

मावशी आता नाही. तिने सांगितलेले पुष्कळसे मी वहीत उतरून ठेवले आहे. ती वही वर्गात ठेवतो. आता तुम्हांला वाचता येते, तर वाचा. माझे अक्षर जरा वाईट आहे, सांभाळून घ्या.

येत्या रविवारी पांडुरंगाच्या देवळामागची बोडी बघायची आहे. सकाळी उन्हे चढायच्या आत या. कुदळ, एक पांढरी ताटली आणि दोन ओली पोती घेऊन या. यंत्र कोणी ठरवले असेल, तर त्याला सांगा, आधी आम्ही खोदून बघतो, मग निरोप धाडतो.